दोन कार्डांचा संसार : खेळाच्या संगणकापासून महासंगणकापर्यंत

७ मार्च २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली. पाच वर्षांसाठी सुमारे १० हजार ३७२ कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेत संशोधक, विद्यार्थी आणि नवउद्योजक यांना वापरता येतील असे १० हजारांहून अधिक जीपीयू उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट होते. मे २०२५ अखेर हा आकडा ३४ हजारांपुढे गेल्याचे सरकारने जाहीर केले. ‘जीपीयू’ हा शब्द आता बातम्यांत सिमेंट-पोलादाच्या बरोबरीने वावरू लागला आहे.

हा शब्द मुळात खेळाच्या दुनियेतला. पडद्यावरील राक्षस, मोटारी आणि भुयारे वेगाने रंगविण्यासाठी जे ग्राफिक्स कार्ड संगणकात बसवले जाई, त्यावरील मुख्य चिप म्हणजे जीपीयू. आज हजारोंच्या संख्येने एकत्र जुंपल्या जाणाऱ्या या चिपा वीस वर्षांपूर्वी दोनदोनच्या जोडीने घरगुती संगणकात बसवल्या जात होत्या. जुना संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यात आणखी एक कार्ड घालावे आणि वेग दुप्पट करून घ्यावा, हे त्या काळातील खेळाडूंचे मोठे स्वप्न होते. ते बहुतेकांच्या बाबतीत पुरे झाले नाही. ज्या दोन कार्डांचे एका पेटीत पटले नाही, त्यांच्याच वंशातील हजारो कार्डे आज एकत्र कशी नांदतात, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. त्याचे उत्तर मात्र भारताच्या महासंगणनाच्या वाटचालीपर्यंत येऊन पोहोचते.

या जोडीची सुरुवात १९९८ साली झाली. कॅलिफोर्नियातील ‘थ्रीडीएफएक्स’ या कंपनीने त्या वर्षी ‘व्हूडू २’ हे कार्ड बाजारात आणले. त्याची किंमत सुमारे ३०० डॉलर होती. हे कार्ड केवळ त्रिमितीय चित्रे काढी. साध्या कामासाठी संगणकात आणखी एक नेहमीचे कार्ड लागतच असे. एका व्हूडू २ वर पडद्याची बारकाई ८०० गुणिले ६०० पिक्सेलपर्यंत मिळे. दोन कार्डे शेजारी बसवून ती एका चपट्या केबलने जोडली, की ती १०२४ गुणिले ७६८ पर्यंत जाई. पडदा हा आडव्या ओळींचा बनलेला असतो. एका कार्डाने सम ओळी रंगवायच्या आणि दुसऱ्याने विषम, अशी ही सरळ वाटणी होती. तिला ‘स्कॅन-लाइन इंटरलीव्ह’, म्हणजेच ‘एसएलआय’ असे नाव मिळाले. शेतातील तण काढताना दोन माणसांनी एकाआड एक सरी धरावी, तसा हा प्रकार. दोघांचे काम जवळपास सारखे, कोणी कोणासाठी फारसे थांबायचे नाही. त्या वेळच्या खेळांमध्ये या जोडीने खरोखरच कमाल केली.

तरीही दोनच वर्षांत ही वाट बंद झाली. त्याचे पहिले कारण मदरबोर्डावर होते. व्हूडू २ साध्या पीसीआय स्लॉटमध्ये बसे आणि असे स्लॉट प्रत्येक मदरबोर्डावर अनेक असत. मात्र इंटेलने ग्राफिक्ससाठी खास ‘एजीपी’ हा वेगवान मार्ग आणला आणि १९९७ नंतर तो सर्वत्र पसरला. घरगुती मदरबोर्डावर एजीपीचा स्लॉट एकच असे. कार्ड अधिक वेगवान झाले, पण दुसऱ्या कार्डाला बसायला जागाच उरली नाही. मग कंपन्यांनी एकाच कार्डावर दोन चिपा बसवण्याचा मार्ग धरला. १९९९ साली ‘एटीआय’ने ‘रेज फ्युरी मॅक्स’ आणले. पण ‘विंडोज २०००’ या नव्या प्रणालीवर त्यातील दुसऱ्या चिपेला नीट काम मिळेना. थ्रीडीएफएक्सने २००० साली दोन चिपांचे ‘व्हूडू ५ ५५००’ विकले. तिचे चार चिपांचे ‘व्हूडू ५ ६०००’ इतकी वीज खाई की त्यासाठी भिंतीतील सॉकेटला जोडायचा स्वतंत्र वीजपुरवठा योजला होता. ते कार्ड बाजारात आलेच नाही. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सची मालमत्ता आणि तंत्रज्ञान प्रतिस्पर्धी ‘एनव्हिडिया’ने विकत घेण्याचे ठरले. चिपांची संख्या वाढवत नेली म्हणजे शर्यत जिंकता येते, हा भ्रम त्या कंपनीबरोबर काही काळ झाकला गेला.

२००४ साली ‘पीसीआय एक्सप्रेस’ हा नवा मार्ग मदरबोर्डांवर आला आणि एकाहून अधिक कार्डांना पुन्हा जागा मिळाली. एनव्हिडियाने त्याच वर्षी जीफोर्स ६८०० मालिकेसोबत एसएलआय हे जुनेच नाव नव्या अर्थाने पुढे आणले. आता ते ‘स्केलेबल लिंक इंटरफेस’ झाले होते. दोन कार्डांच्या माथ्यावर एक छोटा पूल बसवायचा आणि दोघांनी मिळून खेळ रंगवायचा. काही मदरबोर्डांवर दोन स्लॉटच्या मध्ये एक लहानशी पट्टी असे. ती काढून उलटी बसवली की एकाच स्लॉटकडे जाणारे १६ मार्ग आठ-आठ असे दोघांत विभागले जात. पुढच्याच वर्षी एटीआयने ‘क्रॉसफायर’ आणले. त्यातील सुरुवातीच्या जोड्यांत एक कार्ड ‘मास्टर’ प्रकारचे घ्यावे लागे आणि दोन्ही कार्डे संगणकाच्या मागच्या बाजूने जाड केबलने जोडावी लागत.

या दोन्ही योजनांमागे एक आकर्षक हिशोब होता. आज परवडेल ते एक कार्ड घ्यावे; दोन वर्षांनी त्याची किंमत उतरली, की तसलेच दुसरे स्वस्तात आणावे. नवा संगणक घेण्याचा खर्च टळतो आणि जुन्या यंत्राला नवे आयुष्य मिळते. जुन्या साडीची गोधडी करणाऱ्या आणि रेडिओ तीनदा दुरुस्त करून वापरणाऱ्या समाजाला हा हिशोब लगेच पटावा असाच होता. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट अशा बाजारांतून संगणकाचा एकेक भाग निवडून घेणाऱ्या पिढीपुढे ‘दुसरे कार्ड घ्यावे की आहे ते विकून मोठे घ्यावे’ हा पेच नेहमीचा झाला.

हिशोबातील पहिली खोट विजेची होती. २०१० च्या अखेरीस आलेले ‘जीफोर्स जीटीएक्स ५८०’ हे एकटे कार्ड २४४ वॅटपर्यंत वीज घेई. दोन कार्डांचे झाले ४८८ वॅट. त्यात प्रोसेसर, हार्ड डिस्क, पंखे आणि मॉनिटर वेगळेच. भारतीय घरांतून संगणकाला जोडला जाणारा ६०० व्हीएचा सर्वसाधारण यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. म्हणजे दुसऱ्या कार्डाबरोबर नवा एसएमपीएस आणि नवा यूपीएसही आला. शिवाय ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पेटीत साठे. खोलीचेच तापमान जिथे ३५ अंशांवर, तिथे वरच्या कार्डाचा पंखा खालच्या कार्डाने तापवलेली हवा ओढू लागे. ठरावीक तापमानापुढे चिप स्वतःचा वेग आपोआप कमी करी. मदरबोर्डाला जोडणीची मान्यता हवी, दोन्ही स्लॉटमध्ये पुरेसे अंतर हवे, जुना प्रोसेसर दोन कार्डांना काम पुरवण्याइतका दमदार हवा, अशा अटी त्यापुढे येत. स्वस्त म्हणून आणलेले दुसरे कार्ड आपल्या मागे अशी वरात घेऊन येई.

दुसरी खोट स्मृतीची होती. २ जीबीची दोन कार्डे म्हणजे ४ जीबी, असा समज सर्वत्र होता आणि तो चुकीचा होता. खेळातील एखादे दृश्य रंगवायचे तर त्यातील भिंती, झाडे आणि चेहरे यांची सगळी माहिती कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत असावी लागते. दोन्ही कार्डांना तेच दृश्य रंगवायचे असल्याने ती माहिती दोन्हीकडे जशीच्या तशी ठेवावी लागे. दोन चित्रकार एकच चित्र काढणार असतील तर रंगांची पूर्ण पेटी दोघांकडेही लागते. उपलब्ध स्मृती २ जीबीच राही. जुने कार्ड बहुधा स्मृती अपुरी पडू लागली म्हणून मागे पडलेले असे. त्याला जोडीदार आणून ती उणीव भरून निघत नसे.

तिसरी खोट सर्वांत खोल होती, कारण ती काळाशी निगडित होती. सम-विषम ओळींची जुनी वाटणी नव्या खेळांना चालत नव्हती. प्रकाश, सावल्या आणि प्रतिबिंबे यांची गणिते आता एका ओळीपुरती मर्यादित नव्हती. म्हणून नव्या जोड्यांत बहुधा फ्रेमांची वाटणी होई: पहिली फ्रेम एका कार्डाने, दुसरी दुसऱ्याने, तिसरी पुन्हा पहिल्याने. एक कार्ड एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांत काढत असेल तर एकट्याला सेकंदात ३० फ्रेमा जमतात. दोघांच्या मिळून ६० होतात. कागदावर वेग दुप्पट. पण डोळ्याला तो दुप्पट वाटावा, यासाठी दुसऱ्या कार्डाची फ्रेम पहिल्याच्या दोन फ्रेमांच्या बरोबर मध्यावर यायला हवी. प्रत्यक्षात दोन फ्रेमा ३ मिलिसेकंदांच्या अंतराने येत आणि मग ३० मिलिसेकंद काहीच येत नसे. सेकंदातील फ्रेमांची बेरीज ६० च भरे, दृश्य मात्र ३० च्या वेगाने अडखळत चालल्यासारखे भासे. एसटीच्या थांब्यावर तासाला दोन गाड्या आहेत, पण दोन्ही एकामागोमाग येतात आणि मग पुढे तासभर शुकशुकाट. असा अनुभव असलेल्या प्रवाशाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

खेळाडू या अडखळण्याची तक्रार करत होते. पण आकडे त्यांच्या विरुद्ध साक्ष देत होते. कारण मोजणी सेकंदाच्या हिशोबाने होई आणि दोष सेकंदाच्या आत दडलेला होता. २०११ साली ‘टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी सेकंदातील फ्रेमा मोजण्याऐवजी प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ स्वतंत्र मोजण्याचा आग्रह धरला. २०१३ साली एनव्हिडियाने प्रत्यक्ष पडद्यावर पोहोचणाऱ्या फ्रेमा तपासणारे साधन समीक्षकांना दिले, आणि त्यात क्रॉसफायर जोड्यांच्या कित्येक फ्रेमा नावापुरत्याच असल्याचे उघड झाले. एटीआय तोवर ‘एएमडी’त विलीन झाली होती. एएमडीने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये फ्रेमांची चाल सुधारणारा ड्रायव्हर दिला. सरासरी हा आकडा किती सहज फसवू शकतो, याचा हा धडा खेळापुरताच नाही. पावसाची सरासरी गाठूनही दुष्काळ पडतो, हे शेतकऱ्याला कोणत्याही संगणकाशिवाय ठाऊक असते.

या साऱ्यांच्या मुळाशी एक जुना नियम आहे. जीन ॲमडॉल या अमेरिकी संगणक अभियंत्याने १९६७ साली तो मांडला. कोणत्याही कामाचा काही भाग वाटून करता येतो आणि काही भाग क्रमानेच करावा लागतो. कामाचा दहावा हिस्सा जरी न वाटता येणारा असला, तरी दोन कार्डांनी वेग दुप्पट होत नाही, सुमारे १.८ पट होतो. आणि हजारो कार्डे लावली तरी तो दहापटीच्या पुढे जाऊच शकत नाही. न वाटता येणारा हिस्सा जितका मोठा, तितकी पुढची कार्डे बिनकामाची. खेळांमध्ये हा हिस्सा वर्षागणिक वाढत गेला. चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी नवे खेळ आधीच्या फ्रेममधील माहिती पुढच्या फ्रेममध्ये वापरू लागले. आधीची फ्रेम तर दुसऱ्या कार्डाकडे! मग तिची वाट पाहणे आले, आणि वाट पाहायची तर दोन कार्डांचा उपयोग काय?

त्यातच प्रत्येक खेळासाठी जोडीचे नियम कार्ड बनवणाऱ्या कंपनीला ड्रायव्हरमध्ये स्वतंत्र लिहावे लागत. पुढे ‘डायरेक्टएक्स १२’ आणि ‘व्हल्कन’ या प्रणालींनी ही जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यांकडे सोपवली, आणि दोन कार्डे बाळगणाऱ्या मूठभर ग्राहकांसाठी ते कष्ट घेणारे फार थोडे निघाले. २०२० सालच्या नव्या घरगुती कार्डांपैकी जोडणीचा पूल फक्त ‘आरटीएक्स ३०९०’ या सर्वांत महागड्या कार्डावर उरला. १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी नव्या खेळांचे एसएलआय नियम देणे एनव्हिडियाने थांबवले. २०२२ च्या ‘आरटीएक्स ४०९०’ वर तो पूलही नव्हता. खेळाच्या संगणकातील दोन कार्डांचा संसार असा जवळपास पाव शतकाने मोडला.

मात्र मधल्या काळात याच कार्डांना दुसरे काम सापडले होते. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणाऱ्या इयन बक यांनी ३२ जीफोर्स कार्डे एकत्र जोडून आठ प्रोजेक्टरांवर ‘क्वेक’ हा खेळ चालवला होता. त्या उचापतीतून त्यांच्या मनात प्रश्न आला, की चित्रे रंगवणारी ही चिप इतर गणिते का करणार नाही? त्यांनी त्यासाठी ‘ब्रूक’ ही संगणकभाषा घडवली. ते पुढे एनव्हिडियात गेले आणि २००६ साली त्या कंपनीने ‘कुडा’ ही प्रणाली जाहीर केली. आता शास्त्रज्ञाला आपले समीकरण त्रिकोण आणि रंग यांच्या वेषात लपवून कार्डापुढे ठेवायची गरज उरली नाही.

याचे सर्वांत गाजलेले फळ दोन कार्डांच्याच संगणकात पिकले. टोरंटो विद्यापीठातील ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुट्स्केव्हर आणि त्यांचे गुरू जेफ्री हिंटन यांना छायाचित्रांतील वस्तू ओळखणारे कृत्रिम मज्जाजाल घडवायचे होते. शिकवण्यासाठी १२ लाख छायाचित्रे होती आणि जालात सुमारे सहा कोटी चल राशी. हे जाल ३ जीबी स्मृतीच्या एका जीटीएक्स ५८० वर मावेना. त्यांनी तसेच दुसरे कार्ड घेतले आणि जाल मधोमध चिरून अर्धे इकडे, अर्धे तिकडे ठेवले. दोन्ही अर्धी फक्त ठरावीक थरांतच एकमेकांशी बोलत. बाकी वेळ आपापले काम करत. पाच-सहा दिवसांच्या शिकवणीनंतर तयार झालेले हे ‘ॲलेक्सनेट’ २०१२ च्या इमेजनेट स्पर्धेत उतरले. पहिल्या पाच अंदाजांतही चूक होण्याचे त्याचे प्रमाण १५.३ टक्के होते. दुसऱ्या क्रमांकाचे २६.२ टक्के. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात बहुतेक अभ्यासक याच निकालापासून धरतात.

यंत्र तेच, कार्डे तीच, विजेचा भारही तोच. खेळात अडखळणारी जोडी येथे का जमली? खेळात दोन्ही कार्डांकडे त्याच माहितीच्या दोन प्रती असत. येथे माहितीच वाटली गेली, त्यामुळे दोन्हीकडची स्मृती खरोखर मिळवता आली. खेळात प्रत्येक फ्रेम मिलिसेकंदाच्या ठोक्यावर हवी असे. येथे पाच दिवस लागोत की सहा, एखादे कार्ड क्षणभर मागे राहिल्याने काही बिघडत नव्हते. आणि मुख्य म्हणजे, कोठे बोलायचे व कोठे गप्प राहायचे, हे जाल घडवणाऱ्यांनी आधी ठरवले होते. जोडीचे गणित कार्डांच्या संख्येत नव्हते, कामाच्या वाटणीत होते.

भारताला हे ज्ञान नवे नव्हते; ते नाइलाजाने मिळालेले होते. १९८० च्या दशकात मोसमी पावसाच्या अभ्यासासाठी भारताने अमेरिकेकडे ‘क्रे एक्स-एमपी/२४’ हा महासंगणक मागितला. त्या नावातील पहिला अंक प्रोसेसरांची संख्या सांगतो. लष्करी वापराच्या भीतीने अमेरिकेने तो नाकारला आणि १९८७ साली ‘एक्स-एमपी/१४’ देऊ केला. मागितले होते दोन प्रोसेसरांचे यंत्र, मिळाले एकाचे! दुसरा प्रोसेसर हा तेव्हा परराष्ट्र धोरणाचा विषय होता.

या नकाराच्या पार्श्वभूमीवर १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालील चमूने एक प्रचंड प्रोसेसर घडवण्याच्या फंदात न पडता बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर अनेक संख्येने एकत्र जुंपण्याचा मार्ग धरला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने १९८६ सालीच ‘फ्लोसॉल्व्हर’ हे समांतर यंत्र उभे करून या वाटेवर पहिले पाऊल टाकले होते. १९९१ साली सिद्ध झालेला ‘परम ८०००’ हा ब्रिटिश बनावटीच्या ‘ट्रान्सप्युटर’ चिपांवर चाले. या चिपेचे वैशिष्ट्य असे, की शेजारच्या चिपांशी बोलण्यासाठी तिच्यातच चार दुवे होते. एसएलआयचा पूल ज्या गरजेपोटी जन्माला आला, ती गरज ट्रान्सप्युटरच्या रचनेत आधीच ओळखलेली होती.

पुढे जीपीयू आले तेव्हा भारतीय संस्थांनी ते उचलले. २ मे २०११ रोजी तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रात इस्रोचा ‘सागा-२२०’ सुरू झाला. त्यात एनव्हिडियाचे ४०० ‘टेस्ला’ जीपीयू आणि इंटेलचे ४०० प्रोसेसर होते. सर्वोच्च वेग २२० टेराफ्लॉप्स आणि खर्च सुमारे १४ कोटी रुपये. अग्निबाणाभोवतीच्या हवेचा प्रवाह मोजताना सारे आकाश लहान लहान ठोकळ्यांत विभागतात. प्रत्येक जीपीयूकडे ठोकळ्यांचा एक गठ्ठा जातो. गठ्ठ्याच्या आतील गणित तो एकटाच करतो. शेजाऱ्याशी देवाणघेवाण फक्त सीमेवरच्या ठोकळ्यांपुरती. गठ्ठा मोठा असेल, तर आतील काम पुष्कळ आणि सीमेवरचे बोलणे तुलनेने थोडे. ॲमडॉलच्या नियमाला तोंड देण्याचा हा शहाणा मार्ग आहे.

जुन्नर तालुक्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे नूतनीकरण हे त्याहूनही बोलके उदाहरण ठरावे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तशाच ठेवून त्यांच्या मागची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलण्यात आली. जुनी यंत्रणा ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा हाताळी. नवी ४०० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांचा मेळ सतत घालावा लागतो. हे काम आता जीपीयूंच्या साहाय्याने चालते. एका जोडीच्या गणिताला दुसऱ्या जोडीच्या उत्तराची वाट पाहावी लागत नाही. म्हणून ते वाटून घेता येते. जुन्या यंत्राला नवे कार्ड घालून नवे आयुष्य द्यावे, हे खेळाडूंचे स्वप्न नारायणगावजवळच्या त्या माळावर वेगळ्या अर्थाने साकार झाले.

त्यानंतरची यादी बातम्यांतून परिचित आहे. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी आला. ‘ऐरावत’ जून २०२३ मध्ये ७५ व्या. परम सिद्धीच्या एकेका पेटीत आठ जीपीयू आहेत आणि त्यांना जोडणारा ‘एनव्हीलिंक’ हा खेळाच्या कार्डांवरील त्या छोट्या पुलाचा थोरला भाऊ म्हणावा असा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथे ‘परम रुद्र’ महासंगणक राष्ट्राला अर्पण झाले. त्यांचे सर्व्हर भारतीय आराखड्याचे आहेत. त्यांतील प्रोसेसर मात्र बाहेरचेच.

हीच खरी काळजीची जागा आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने प्रगत एआय चिपांच्या निर्यातीसाठी देशांची प्रतवारी जाहीर केली. ज्या १८ देशांवर बंधन नव्हते, त्यांत भारत नव्हता. मे महिन्यात तो नियम लागू होण्याआधीच मागे घेतला गेला, म्हणून तो फारसा चर्चेत राहिला नाही. पण १९८७ सालच्या त्या एका अंकाची आठवण ज्यांना होती, त्यांना त्यातील अर्थ सांगावा लागला नाही. ३४ हजार जीपीयू विकत किंवा भाड्याने घेता येतात. ते देण्याचे किंवा न देण्याचे स्वातंत्र्य दुसऱ्याकडे राहते. काम वाटण्याची विद्या तेवढी अशी आहे, की ती निर्यात परवान्यावर अवलंबून नसते. क्रे मिळाला नाही तेव्हा याच विद्येने देशाला तारले.

ती शिकायला महासंगणकच हवा असेही नाही. जुन्या खेळाच्या संगणकात आज दुसरे कार्ड घालून नवे खेळ वेगाने चालणार नाहीत. त्यासाठी आहे ते विकून एकच अधिक चांगले कार्ड घेणे श्रेयस्कर. मात्र ‘ब्लेंडर’सारख्या मोफत आज्ञावलीत चित्रपटाची दृश्ये तयार करताना दोन कार्डे कोणत्याही पुलाशिवाय खांद्याला खांदा लावून काम करतात. एका कार्डात न मावणारे भाषा-प्रारूप थराथराने विभागून दोन जुन्या कार्डांवर चालवता येते. तेथे स्मृतीची बेरीज खरी ठरते. एखाद्या तालुक्याच्या गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयात धूळ खात पडलेली दोन कार्डे एका संगणकात बसवून विद्यार्थ्यांना काम विभागायला लावले, तर वेग किती वाढला याहून का वाढला नाही हे ते अधिक शिकतील. ॲमडॉलचा नियम पाठ करण्यापेक्षा तो दोन कार्डांवर स्वतः मोजून पाहिलेला विद्यार्थी हजार जीपीयूंपुढे उभा राहिला, तर गोंधळणार नाही.

टोरंटोतील त्या तिघांकडेही २०१२ साली बाजारात कोणालाही मिळतील अशीच दोन कार्डे होती. आज तेवढ्यावर जगाला चकित करणारे प्रारूप घडणार नाही, हे खरे. पण राष्ट्रीय योजनेतील हजारो जीपीयूंवर कोणते काम कसे विभागायचे, हे ठरवणारी माणसे कोठेतरी दोन कार्डांपासूनच शिकायला लागतात. मिशनच्या आकड्यांबरोबर अशी माणसे किती तयार झाली, हाही आकडा विचारला जायला हवा.

#विज्ञानवार्ता #संगणकाचा_इतिहास #महासंगणक #भारतीय_विज्ञान